पाण्याचा घोट अडतो, भाकर का उतरते?

प्रश्न : माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत. उन्हाळ्यात मामाजींना लकवा झाला, उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर बरे होते. पण त्यानंतर दोनदा ताप, धाप आणि छातीत घरघर झाली. डॉक्टरांनी ‘अ‍ॅस्पिरेशन न्यूमोनिया’ असं सांगितलं. शेजारचे म्हणतात, थंड पाणी आणि केळं दिल्यामुळे कफ झाला. आम्ही दोन्ही बंद केलं, तरी दुखणं उलटलंच. मला नवल याचं वाटतं की, भिजवून घोटलेली भाकर त्यांना नीट जाते आणि साध्या पाण्याच्या घोटानं ठसका लागतो. असं का? काढा, वाफ, नाकात तेल, होमिओपॅथी असे पुष्कळ उपाय लोक सुचवतात. त्यांतलं काय करावं, काय करू नये?
— एक सून, तेल्हारा

उत्तर : ताई, निम्मं उत्तर तुमच्या निरीक्षणातच आहे. पाणी हा सर्वांत सोपा पदार्थ आणि भाकर अवघड, असं आपण धरून चालतो. म्हणून आजारी माणसाला आधी पाणी पाजतो, मग चहा, मग दूध. लकवा झालेल्या माणसाच्या घशाचं गणित पुष्कळदा याच्या उलट असतं. ते का, हे कळलं की पुढची कोडी आपोआप सुटत जातात.

तोंडातून जाणारं अन्न आणि नाकातून जाणारी हवा यांचा घशातला काही रस्ता एकच असतो. खाली त्याला दोन वाटा फुटतात. पुढची श्वासनलिका, मागची अन्ननलिका. प्रत्येक घास श्वासनलिकेच्या तोंडावरून मागे सरकतो, म्हणून रेल्वे फाटकावर करतात तशी व्यवस्था लागते : एका बाजूची वाहतूक थांबवल्याशिवाय दुसरी सोडायची नाही. गिळताना श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर आणि पुढे उचललं जातं, आतल्या स्वरपट्ट्या घट्ट मिटतात आणि त्यांच्यावर कूर्चेचं एक झाकण झुकतं. कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळा, तो वर जाऊन खाली आलेला कळेल. हे झाकण म्हणजे पडजीभ, असा अनेकांचा समज असतो. पडजीभ वरच्या बाजूला, टाळूच्या मागे असते आणि अन्न नाकात चढू नये यासाठी टाळूबरोबर काम करते. श्वासनलिका मिटण्याचं काम खाली, स्वरयंत्रापाशी होतं. सगळा व्यवहार साधारण एका सेकंदात उरकतो आणि त्यात डझनांनी स्नायूंना मेंदूकडून वेळेवर हुकूम मिळावा लागतो.

लकव्यात मेंदूचा जो भाग दुखावतो त्यामुळे हा हुकूम उशिरा पोचतो किंवा अर्धवट पोचतो. आता पाणी कसं वागतं ते पाहा. ते जिभेवर थांबत नाही. तोंडात पडताच ते घशात उतरतं आणि श्वासाची वाट मिटण्याआधी तिथे हजर होतं. घोटलेली भाकर सावकाश सरकते, एकसंध राहते, जिभेला तिचं वजन जाणवतं, म्हणून मंदावलेल्या घशाला तयारीला वेळ मिळतो. पाणी चुकीच्या वाटेनं गेलं की ठसका लागतो. कुणी आठवण काढल्यामुळे तो लागत नाही. श्वासनलिकेनं केलेला तो बचाव असतो. लकव्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत जवळपास निम्म्या रुग्णांना गिळायला त्रास होतो. त्यांतल्या बऱ्याच जणांचा त्रास काही आठवड्यांत कमी होतो, काहींचा रेंगाळतो.

इथे सावध राहण्यासारखी एक गोष्ट आहे. ठसका लागतो तोवर बचाव जिवंत आहे. काही रुग्णांच्या घशाची संवेदनाच बोथट होते; मग पाणी, लाळ, दूध श्वासनलिकेत उतरतं आणि माणूस खोकतही नाही. घरचे म्हणतात, आता छान पितात, ठसका गेला. त्यामुळे इतर खुणांकडे लक्ष हवं : जेवणानंतर आवाज ओला, गुळगुळल्यासारखा होणं, जेवताना श्वास वाढणं, डोळ्यांत पाणी येणं, एका घासाला दोन-तीनदा गिळावं लागणं, अन्न गालात साठून राहणं, जेवणाला तास-तास लागणं, आणि कारण न सापडता वजन उतरणं किंवा वरचेवर ताप येणं. खात्री करायची तर नाकातून बारीक दुर्बीण घालून किंवा बेरियम मिसळलेलं अन्न गिळताना क्ष-किरणांचं चलचित्र घेऊन ती होते.

मग एवढ्याशा पाण्यानं न्यूमोनिया कसा होतो? खरं तर नुसत्या स्वच्छ पाण्याच्या चार थेंबांनी सहसा तो होत नाही. निरोगी माणसांपैकी सुमारे निम्म्यांची थोडी लाळ झोपेत श्वासनलिकेत उतरते, असं संशोधकांनी तपासून पाहिलं आहे. तुमच्या-माझ्याही बाबतीत ते घडत असेल. आपण आजारी पडत नाही, कारण लाळ थोडी असते, तिच्यात जंतू बेताचे असतात, खोकला जोरकस असतो आणि श्वासनलिकेतली सूक्ष्म लव घाण वर ढकलत राहते. यांतल्या दोन-तीन गोष्टी एकदम बिघडल्या की आजार उभा राहतो. मामाजींच्या बाबतीत उतरणारं प्रमाण वाढलं, अंथरुणावर पडून खोकला क्षीण झाला आणि तोंडाची निगा कमी झाली म्हणून जंतू वाढले. पाणी हे वाहन झालं. जंतू तोंडातलेच होते. उजवी श्वासनळी डावीपेक्षा रुंद आणि जास्त उभी असते, त्यामुळे हा न्यूमोनिया बहुधा उजव्या फुप्फुसात, खालच्या भागात दिसतो. मामाजींचा एक्स-रे असेल तर डॉक्टरांना विचारून पाहा.

याच घराण्यातला आणखी एक प्रकार आहे. त्यात जंतूंआधी जठरातलं आम्ल फुप्फुसात जातं आणि आतून भाजल्यासारखी इजा करतं. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली ४४,०१६ प्रसूतींच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत ६६ जणींच्या पोटातलं भुलेच्या वेळी श्वासनलिकेत गेल्याचं आढळलं. ऑपरेशनआधी उपाशी राहायला सांगतात ते या कारणानं : साधारणपणे घन अन्न सहा तास आणि साधं पाणी दोन तास आधी बंद. पोटच्या पोराला उपाशी ठेवणं जिवावर येतं म्हणून नातेवाईक गुपचूप चहा-बिस्कीट देतात. असं झालंच असेल तर भूलतज्ज्ञाला ते सांगून टाकावं. ऑपरेशन काही तास पुढे जाईल, एवढंच.

आता शेजारच्यांचं म्हणणं. थंड पाण्याच्या थंडपणामुळे हा आजार झालेला नाही. तेच पाणी कोमट केलं तरी तेवढंच पातळ राहतं आणि तेवढ्याच वेगानं घशात उतरतं. म्हणून थंड बंद करूनही दुखणं उलटलं. केळ्यावरचा आरोप तर पूर्ण मागे घ्या. चांगलं पिकलेलं, काट्यानं मऊ कुस्करलेलं केळं हे गिळायला सोप्या पदार्थांपैकी एक आहे. आणि हा आजार मामाजींच्या तोंडातल्या जंतूंचा असल्यानं त्यांचं ताट-पेला वेगळा ठेवण्याची किंवा नातवंडांना दूर ठेवण्याची गरज नसते. नातवंडांनी जवळ बसून बोलावं, फक्त मामाजींच्या तोंडात घास असताना नको.

दवाखान्यात काय करतात ते थोडक्यात. ऑक्सिजन कमी असेल तर तो देतात, प्रतिजैविकं देतात आणि कफ बाहेर काढायला मदत करतात. गुंतागुंत नसेल तर प्रतिजैविकांचा क्रम बहुधा पाच ते सात दिवसांचा असतो. पूर्वी ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जंतूंसाठी आणखी एक औषध सर्रास जोडत. २०१९ च्या अमेरिकी मार्गदर्शिकेनं, फुप्फुसात किंवा त्याभोवती पू झाल्याची शंका असेल तरच ते द्यावं, असं सांगितलं. म्हणून ‘दुसऱ्या पेशंटला दोन इंजेक्शनं होती, आपल्याला एकच का’ असं वाटलं तर घाबरू नका. प्रतिजैविक आत शिरलेल्या जंतूंना मारतं. गिळणं सुधारणं त्याच्या आवाक्यात नाही. ताप उतरून माणूस घरी आला आणि पुन्हा आडवं करून पेल्यानं पाणी पाजलं, तर महिनाभरात तेच दुखणं परत. मामाजींचं दोनदा झालं त्याचं कारण हेच असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून मला पुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो दवाखान्यात घडत नाही. भरवणाऱ्या माणसाच्या हातून, तुमच्या हातून घडतो.

पहिली गोष्ट बसणं. खाटेवर पडल्यापडल्या एकही घोट नको. पाठीला तक्के लावून, शक्य तर खुर्चीवर, ताठ बसवायचं आणि जेवणानंतरही अर्धा ते एक तास तसंच ठेवायचं. मान मागे टाकून वरून पाणी ओतण्याची आपली जुनी सवय इथे फार घातक आहे, कारण मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट मोकळी होते. अरुंद पेल्यातला शेवटचा घोट घ्यायलाही मान मागे टाकावी लागते. त्यापेक्षा चमचा किंवा पसरट वाटी बरी. हनुवटी किंचित खाली असावी. भरवणाऱ्यानं उभं राहू नये, समोर बसावं, म्हणजे रुग्णाला वर पाहावं लागत नाही.

दुसरी गोष्ट वेग. अर्धा चमचा घास द्या, कंठमणी वर जाऊन खाली आलेला पाहा, तोंड रिकामं झालंय का बघा, मगच पुढचा. मामाजींची उजवी बाजू कमजोर आहे, तेव्हा घास डाव्या गालाकडे ठेवा आणि शेवटी उजव्या गालात काही साठलंय का ते पाहा. टीव्ही बंद. पेंगत असतील तर जेवण पुढे ढकला. झोपेतल्या माणसाच्या तोंडात मायेनं घातलेला घास मदतीपेक्षा अपायच जास्त करतो. थकले की थांबा. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खाणं हे दोन भरल्या ताटांपेक्षा चांगलं. ठसका लागला तर पाणी पाजू नका. पुढे वाकवून खोकू द्या. खोकता, बोलता, श्वास घेता येईनासा झाला तर मात्र तो घास अडकल्याचा प्रसंग असतो. तेव्हा दोन खांद्यांच्या मधोमध पाच जोरदार थापा, मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर झटके, असं आलटून पालटून करावं लागतं.

तिसरी गोष्ट पदार्थ. आपल्या वऱ्हाडी स्वयंपाकघरात यासाठी लागणारं पुष्कळसं आधीपासून आहे. ताकात शिजवलेली ज्वारीची घट्टसर आंबील, गाळून घोटलेलं वरण, मऊ पिठलं, अगदी मऊ शिजवून एकजीव केलेल्या कण्या, घट्ट दही. कसोटी एकच : घास एकजिनसी हवा. दूध-भाकरीचा पातळ काला याच कसोटीवर नापास होतो. भाकर चावायची तर दूध आधीच घशात उतरलेलं असतं. तुम्ही भिजवून पूर्ण घोटता, म्हणून ती नीट जाते. फुटाणे, चिवडा, शेंगदाणे, मुरमुरे, साबुदाण्याचे निसरडे दाणे तूर्त नकोत. गोळी पाण्याबरोबर देण्याऐवजी कुस्करलेल्या केळ्यात किंवा घट्ट दह्यात द्या. गोळी कुटण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण काही गोळ्या कुटायच्या नसतात. आणखी एक बारकावा. लाळेत पिष्टमय पदार्थ पचवणारा घटक असतो. तोंडात गेलेला चमचा पुन्हा पुन्हा वाटीत बुडवला की घट्ट आंबील पाहता पाहता पातळ होते. म्हणून वाटीत थोडंच काढून घ्या.

पेय किती घट्ट करायचं, हे मात्र शक्य असेल तर वाचा-भाषा उपचारतज्ज्ञाकडून ठरवून घ्या. घट्ट तितकं सुरक्षित, असं सरळ गणित नाही. अमेरिकेत पार्किन्सन आणि स्मृतिभ्रंशाच्या सुमारे ५०० रुग्णांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, घट्ट पेय देणं आणि हनुवटी खाली करून पातळ पेय देणं यांत तीन महिन्यांतल्या न्यूमोनियाच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. उलट घट्ट पेयं घेणाऱ्यांत शरीरातलं पाणी कमी होण्याच्या तक्रारी जास्त होत्या. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट विसरून चालणार नाही. लघवी गडद आणि कमी होत असेल, जीभ कोरडी पडत असेल, तर पाणी कमी पडतंय असं समजा आणि डॉक्टरांशी बोला.

चौथी गोष्ट तोंडाची स्वच्छता, आणि मला विचाराल तर याइतका स्वस्त उपाय या आजारात दुसरा नाही. जपानमधल्या ११ शुश्रूषागृहांत दोन वर्षं एक प्रयोग झाला. काही वृद्धांचे दात-हिरड्या कर्मचाऱ्यांनी प्रत्येक जेवणानंतर घासले, काहींची नेहमीचीच निगा चालू ठेवली. नेहमीच्या निगेवर असलेल्यांपैकी १९ टक्क्यांना न्यूमोनिया झाला, तोंड स्वच्छ ठेवलेल्यांपैकी ११ टक्क्यांना. दात नसलेल्यांनाही फायदा झाला, कारण जंतू जिभेवर आणि हिरड्यांवरही राहतात. म्हणून ‘बाबांना दातच नाहीत, घासायचं काय’ हा प्रश्न मिटला. बसवून, मान किंचित पुढे ठेवून मऊ ब्रश फिरवा. चूळ भरता येत नसेल तर ओलं स्वच्छ फडकं बोटाला गुंडाळून हिरड्या, गाल आणि जीभ पुसा. कवळी असेल तर रात्री काढा, घासा आणि पाण्यात ठेवा. ८५ वर्षं आणि त्यावरच्या ५२४ जपानी वृद्धांच्या अभ्यासात रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका सुमारे दुप्पट आढळला.

खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, हाही याच प्रकरणात येतो. आजारी माणसाचं एवढं एक सुख कशाला तोडा, म्हणून घरचेच कधी चिमूट गालात ठेवतात. त्यानं तोंड घाण होतं, लाळ सुटते आणि सुपारीचे कण सुटे होतात. ही तिन्ही मामाजींच्या घशाला नको असलेली आहेत. खर्रा घेत असतील तर तो या निमित्तानं कायमचा सोडवा. झोपेच्या गोळ्या आणि वर्षानुवर्षं सवयीनं चालू असलेल्या आम्लपित्ताच्या गोळ्या खरंच लागतात का, हेही डॉक्टरांना विचारा. पहिलीनं गिळणं सुस्तावतं. दुसरीनं जठरातलं आम्ल कमी झाल्यामुळे तिथे जंतू वाढू शकतात. मनानं मात्र बंद करू नका.

नळीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण प्रश्न पुढे येईलच. नाकातून जठरात घातलेल्या नळीनं अन्न आणि औषध पोचवता येतं, आणि लकव्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात ती फार उपयोगी असते. मात्र नळी घातली म्हणजे न्यूमोनियाची चिंता मिटली, हा समज चुकीचा आहे. तोंडातली लाळ तशीच उतरत राहते आणि जठरातलं अन्न वर येऊ शकतं. म्हणून नळी असली तरी डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच आणि तोंड स्वच्छ हवंच. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांचं उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९७३ साली त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यात मेंदूला कायमची इजा झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मार्च २०११ च्या निकालात नोंद आहे की, सप्टेंबर २०१० पर्यंत त्यांना घोटलेलं अन्न तोंडानंच भरवलं जात होतं. तापाच्या आजारानंतर खाणं कमी झालं तेव्हा नळी घालावी लागली. जवळपास ३७ वर्षं परिचारिकांनी एकेक घास भरवला आणि एवढ्या काळात अंथरुणाला खिळून होणारी एकही जखम अंगाला होऊ दिली नाही. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियानं त्यांचं निधन झालं. अशा आजारात चांगल्या शुश्रूषेनं किती काळ टिकाव धरता येतो आणि न्यूमोनियाचा धोका तरी कसा शेवटपर्यंत सोबत राहतो, या दोन्ही गोष्टी त्यातून दिसतात. स्मृतिभ्रंशाच्या अगदी शेवटच्या टप्प्यात तर जगभरचे वृद्धरोगतज्ज्ञ नळीपेक्षा हातानं, आवडेल तेवढंच सावकाश भरवणं पसंत करतात.

आता पूरक उपाय. ते तपासायला सोपी कसोटी आहे : उपाय अंगावरून होतोय की तोंडा-नाकातून? छातीला कोमट तेलानं हलकं चोळणं, पाठ शेकणं, कूस बदलणं, पाठीवर थोपटून कफ सुटायला मदत करणं, जवळ बसून बोलणं, यांनी आराम पडतो आणि अपाय नाही. कूस बदलणं आणि दिवसाचा बराच वेळ बसवून ठेवणं तर फिजिओथेरपिस्टही सांगतील. वाफेनं नाक मोकळं होतं. ती फुप्फुसातला संसर्ग बरा करत नाही आणि लुळ्या हाताजवळ उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवणं धोक्याचं आहे.

काढ्यात तुळस आहे की आलं, यापेक्षा तो पातळ आहे हे मामाजींसाठी महत्त्वाचं. पाण्याचा जो धोका तोच काढ्याचा. वैद्यांनी चूर्ण मधातल्या चाटणातून दिलं तर ते गिळायला सोपं. मधुमेह असेल तर मधाचा विचार करावा आणि इतर औषधांशी त्याचं जमतं का ते विचारावं. होमिओपॅथीनं हा न्यूमोनिया बरा होतो याला पुरावा नाही. तिच्या भरवशावर प्रतिजैविकाला उशीर झाला तर जिवावर बेतू शकतं. दीर्घ श्वास, ओंकार, मोठ्यानं अभंग म्हणणं हे बसता येत असेल तर जरूर करावं. श्वास सोडण्याचे स्नायू बळकट झाले की खोकला जोरकस होतो. पार्किन्सनच्या रुग्णांत एका छोट्या उपकरणानं असा व्यायाम दिल्यावर गिळणं सुरक्षित झाल्याचं दिसलं आहे. अभंगावर तशी चाचणी झालेली माझ्या वाचनात नाही, पण मन प्रसन्न राहतं हा फायदा तर नक्कीच आहे.

एक उपाय ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. २००६ साली जपानी डॉक्टरांनी शुश्रूषागृहातल्या वृद्धांना काळ्या मिऱ्यांच्या तेलाचा वास जेवणाआधी मिनिटभर दिला. महिनाभरात त्यांची गिळण्याची क्रिया लवकर सुरू होऊ लागली. प्रयोग छोटा होता, त्यावर विसंबून बाकीची काळजी सोडता येणार नाही. आणि वास म्हणजे वासच. मिरपूड नाकाजवळ उडवू नका.

नाकात तेल आणि तेलाच्या गुळण्या यांना मात्र माझं स्पष्ट नाही आहे. निरोगी माणसानं वैद्याच्या देखरेखीखाली नस्य करणं वेगळं. गिळणं बिघडलेल्या माणसाच्या बाबतीत तेल फार कपटी ठरतं. पाण्यानं निदान ठसका लागतो. तेल श्वासनलिकेत न खोकता घसरतं. तिथली लव त्याला वर ढकलू शकत नाही, फुप्फुसातल्या पेशी ते गिळतात पण पचवू शकत नाहीत, आणि महिनोन्‌महिने टिकणारी सूज तयार होते. यावर प्रतिजैविक चालत नाही. हेच बाळांच्या बाबतीत जास्त घडतं. न्हाऊ घालताना नाकात तेल सोडणं, नाक दाबून गुटी पाजणं, रडत्या बाळाच्या तोंडात तूप घालणं, यांमुळे फुप्फुसात तेल-तूप गेल्याचे प्रकार भारतातल्या बालरोगतज्ज्ञांनी वेळोवेळी नोंदवले आहेत. मामाजींच्या निमित्तानं घरातल्या बाळंतिणीलाही हे सांगा. अंगाला मालिश करा, नाकाला नको.

आपल्या भागात शेतीमुळे येणारे काही प्रसंग याच सूत्रानं समजतात. मण्यार किंवा नाग चावला की पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं आणि घशाचे स्नायू लुळे पडून स्वतःची लाळसुद्धा गिळता येत नाही. तेव्हा कडुलिंबाचा पाला, तूप, मिरच्या, पाणी असं काहीही तोंडात घालणं म्हणजे ते फुप्फुसात सोडणं. कुशीवर वळवून थेट सर्पविषरोधक लस मिळेल तिथे न्यावं. मिरगीच्या झटक्यात तोंडात चमचा किंवा पाणी नको. कुशीवर वळवा, झटका थांबण्याची वाट पाहा. रॉकेल किंवा फवारणीचं औषध पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, कारण उलटीबरोबर ते रसायन श्वासनलिकेत गेलं की पोटापेक्षा फुप्फुसाचं नुकसान मोठं होतं. बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.

लशीबद्दलही डॉक्टरांशी बोला. फ्लू आणि न्यूमोकॉकसच्या लशी घास चुकीच्या वाटेला जाणं थांबवत नाहीत, पण मामाजींच्या वयाला दुसऱ्या प्रकारचा न्यूमोनिया यावर चढू नये म्हणून त्या उपयोगी आहेत.

वृद्धांना या आजारात कधी कधी तापच येत नाही. आज नेहमीपेक्षा गुंगीत आहेत, असंबद्ध बोलतात, जेवण नाकारतात, एवढीच पहिली खूण असू शकते. अशा वेळी शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतात. ते २५ च्या वर गेले किंवा ऑक्सिमीटर ९४ च्या खाली दाखवू लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. श्वास ३० च्या वर, ऑक्सिजन ९० च्या खाली, ओठ निळसर किंवा हाक मारून उठत नाहीत, असं असेल तर १०८ ला फोन करा. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात न्यायची वेळ आली तर वाटेत धीर म्हणून पाणी पाजू नका, डोकं उंच किंवा कूस वळवलेली ठेवा, आणि आधीचे एक्स-रे, औषधांची यादी व शेवटचा घास कधी दिला ती वेळ सोबत असू द्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.